नूतनची सुट्टी

नूतन आमच्याकडे आली ती सईच्या बाळंतपणासाठी. सई माझी मुलगी, पुण्यात एका कंपनीत नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून ती दिवाळीनंतर भोरला येणार होती. कंपनीने तिला सहा महिन्यांची भरपगारी रजा दिली होती. मी शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली, गुडघे कुरकुरणारे. घरात राहणारी बाई हवी, असं मी चार ठिकाणी सांगून ठेवलं. नसरापूरच्या एका ओळखीच्या दुकानदाराने नूतनला पाठवलं.

ती वेल्ह्याच्या पुढच्या एका वाडीतली, वय चोवीस. नवरा अमृत दुधाच्या टेम्पोवर. वाडीतून चालत वेल्हं, तिथून एसटीने नसरापूर, मग दुसऱ्या गाडीने भोर, हे रोज करणं शक्यच नव्हतं. म्हणून ती स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची आणि एक रविवार आड घरी जायची. आधी ती कात्रजला एका घरी होती. ते काम का सुटलं, असं मी विचारलं.

"दिवस गेलं व्हतं, बाई," ती म्हणाली. "चौथ्या म्हयन्यात त्यास्नी कळलं. म्हनले, उद्यापासनं येऊ नगंस."

"आणि मूल?"

"ते बी ऱ्हायलं न्हाई."

मी "अरेरे" म्हटलं आणि तिला मिक्सर कुठे आहे, गॅस कसा बंद करायचा, ते दाखवायला लागले.

नोव्हेंबरात सईला मुलगा झाला, शौनक. पोट फाडून झाला, त्यामुळे पहिला दीड महिना सईला वाकायचीही चोरी. सगळं नूतनवर आलं. पहाटे उठून परसातला बंब पेटवायचा, बाळाला तेल लावून आंघोळ घालायची, सईला शेक द्यायचा, दिवसाला वीस-बावीस दुपटी धुवायची. शौनक रडायला लागला की आम्ही कुणी घेतलं तरी थांबायचा नाही, नूतनच्या खांद्यावर गेला की गप्प व्हायचा. सई म्हणायची, "आई, ही नसती तर आपलं काय झालं असतं?" आणि ते खरंच होतं.

संक्रांतीच्या सुमारास एक दिवस मी परसात उभी होते. नूतन दुपटी धुऊन उठली. आधी तिने एक हात नळाला धरला, दुसरा कमरेवर ठेवला, मग हळूच उठली. माझी दोन बाळंतपणं झालेली आहेत. एवढं पुरेसं होतं. ती काही दिवसांपासून साडीवर ढगळ स्वेटर घालत होती. थंडी आहे, म्हणून घालत असेल, असं मी स्वतःला सांगत आले होते, पण त्या क्षणी मला कळलं.

मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि मग काहीतरी ठरवावं लागलं असतं. सईला अजून निदान दोन महिने तिची गरज होती. मी एवढंच केलं की दुसऱ्या दिवसापासून तिला सकाळी पेलाभर दूध देऊ लागले. पहिल्या दिवशी तिने पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून दूध पिऊन टाकलं. आपण तिची काळजी घेतोय, असं मला वाटत होतं.

जानेवारी संपता संपता तीच बोलली. मी देवाची भांडी घासत होते. ती दारात उभी राहिली. हातात घडी घातलेला एक कागद होता.

"बाई, मला सहावा लागलाय," ती म्हणाली. "वाडीवरच्या आशाताई म्हनत्यात, नाव नोंदीव, तपासणीला ये. तपासणी बुधवारची असती. मला रविवारची सुट्टी, तवा तितं कुनी नसतं."

"मग?"

"म्या म्हनत व्हते, आत्ताच सुट्टी मिळाली तर बरं व्हईल. बाळ तीन-चार म्हयन्यांचं झालं की म्या परत येते. तवर काम ऱ्हाईल का माजं?"

मी भांडी पुसत राहिले. "मार्चअखेर सई पुण्याला जाईल," मी म्हणाले. "तेवढं काढ. पुढचं पुढे बघू."

तिने मान हलवली. हातातला कागद पुढे केला. नसरापूरच्या बाजारात घरकामगारांच्या संघटनेतल्या कुणी बाईंनी तो दिला होता. घरकाम करणाऱ्या बायांची सरकारी मंडळात नोंदणी होते, बाळंतपणाला थोडीफार मदत मिळते, त्यासाठी ज्या घरी काम करतो त्यांची सही लागते, असं तिने सांगितलं.

माझे यजमान केशव भोरच्या कोर्टात वकिली करतात. संध्याकाळी मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो उलटसुलट वाचला.

"सही केली की आपण कागदोपत्री मालक होतो," ते म्हणाले. "कारखान्यातल्या, ऑफिसातल्या बाईला बाळंतपणाच्या रजेचा कायदा आहे. घरात काम करणारीला नाही. मग आपण होऊन कशाला अडकायचं?"

"गरीब आहे हो ती."

"मी कुठे नाही म्हणतोय? जाताना साडी-चोळी कर, बाळंतविडा दे. सही मात्र नको."

मी वाद घातला नाही. कागद कपाटात ठेवला. नूतनने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी "साहेबांना वेळ नाही गं" म्हणाले. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

मला एक आठवतं ते सांगते. सईचा थोरला भाऊ झाला तेव्हा मी शाळेत नवीनच होते. नव्वद दिवसांची रजा घेतली होती. परत गेले तर तोच वर्ग, तीच खुर्ची. बदलीवर आलेल्या बाईंनी माझ्या हजेरीपटाला नवं कव्हर घालून ठेवलं होतं. रजेवर जाताना आपली जागा राहील का, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता, कारण तो येण्याचं कारणच नव्हतं. नूतन दारात उभी होती तेव्हा यातलं काहीही मला आठवलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी तिचे पाय सुजायला लागले. पैंजण काढून तिने पिशवीत ठेवले. मग डोकं दुखायला लागलं. मी तिला डोकेदुखीची गोळी दिली, दुपारी पाय उशीवर ठेवून पड म्हणाले. तीन दिवस हेच चाललं. सरकारी रुग्णालय आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. सईला आम्ही दर पंधरवड्याला गाडीने डॉक्टरांकडे नेत होतो. नूतनला घेऊन पंधरा मिनिटं चालत जावं, हे मला सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. सुचलं होतं. उद्या जाऊ, असं वाटलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी सईने हाक मारली. नूतन स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. हातपाय ताठ, डोळे फिरलेले, तोंडाला फेस. पहिला झटका ओसरून ती शांत झाली, तेवढ्यात केशवनी गाडी काढली. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि आधी इंजेक्शन दिलं. मग मला विचारलं, "तपासणीचं कार्ड कुठंय?"

"नाही," मी म्हणाले.

"एकदाही तपासणी नाही? सातवा महिना दिसतोय."

तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. रुग्णवाहिका येईपर्यंत एकजण कागद भरत होता. पेशंटचं नाव, गाव, वय त्याने लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

केशव माझ्या शेजारी उभे होते. मी म्हणाले, "ओळखीची."

नूतन दोन हातांच्या अंतरावर स्ट्रेचरवर होती. तिचे डोळे उघडे होते. तिने ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धाडस मला आजपर्यंत झालेलं नाही.

त्या रात्री पुण्यात तिला मुलगी झाली. नऊ दिवस काचेच्या पेटीत होती. अमृत टेम्पो सोडून तिथेच बसून राहिला. मी दोनदा जाऊन आले. दहाव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "बाई, पोरगी गेली," एवढंच म्हणाला. नूतन वाचली.

एप्रिलमध्ये सई पुण्याला गेली. जायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना तिने विचारलं, "आई, तुला माहीत होतं ना?"

"हो."

तिने शौनकचं झबलं घडी करून बॅगेत ठेवलं. मग म्हणाली, "मी दिवसभर तिच्यासमोर पडून होते. मला कसं दिसलं नाही?" रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मे महिन्यात मी वेल्ह्याला गेले. केशवना घेतलं नाही. नसरापूरला गाडी बदलली, वेल्ह्यातून जीपने वाडीपर्यंत. नूतनच्या सासूबाई, सखूबाई, ओट्यावर होत्या. त्यांनी घोंगडी अंथरली, कोरा चहा ठेवला. "ती राब भाजाय गेलीया," म्हणाल्या. भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजून घेतात, तो. थोड्या वेळाने नूतन आली. कोपरापर्यंत राख. खूप वाळली होती. मला पाहून थांबली, मग हातपाय धुऊन समोर बसली.

"शौनक बसाया लागला का?" तिने विचारलं.

"लागलाय."

मी जे ठरवून गेले होते ते सांगायला लागले. चुकलं, मी तुला न्यायला हवं होतं, वगैरे. तिने मध्ये थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "तुमाला कळलं हाय, हे मला म्हाईत व्हतं. म्या वाट बगत व्हते. म्हनलं, बाई इचारतील, मग सांगावं. आपनहून सांगायची भीती वाटायची. कात्रजचं डोक्यात व्हतं."

"मी वाट पाहत होते, तू कधी सांगतेस."

"व्हय. तसंच झालं."

सखूबाई आत गेल्या. नूतन नखातली राख काढत होती.

"एक इचारू?" ती म्हणाली. "पयल्या दिवशीच म्या सांगितलं असतं, की दिवस गेलं तर मला सुट्टी लागंल, आन् परत घ्या, तर तुमी काय म्हनला असता?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिने ते ऐकूनही घेतलं असतं. पण मी म्हणाले, "नाही म्हणाले असते. दुसरी बाई शोधली असती."

तिने मान हलवली. "भाताची लावणी झाली की म्या पुन्यात काम बगनार हाय," ती म्हणाली. "आता पयलं हेच इचारनार. न्हाई म्हनले तर उठून चालाय लागायचं."

आमच्याकडे ये, असं म्हणायला मी गेले होते. ते म्हटलं नाही. तिने मला जीपपर्यंत सोडलं, चढताना हात धरला, आणि गाडी निघायच्या आतच वळून गेली, कारण राब अर्धा राहिला होता.

आता आमच्याकडे उत्रोलीहून सगुणाबाई येतात, सकाळी दोन तास. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा भांडी-केर सांगायच्या आधीच मी त्यांना म्हणाले, "बाळंतपणाची सहा महिने सुट्टी मिळेल. पगार चालू राहील. तुमची जागा तुमचीच. हवं तर लिहून देते."

सगुणाबाईंनी पदराने तोंड झाकलं आणि हसत सुटल्या. "अवं बाई," त्या म्हणाल्या, "माज्या नातीचं लगीन ठरलंय."

मीही हसले. मग त्यांना मिक्सर कुठे आहे ते दाखवलं.