तेरेखोल कुठल्या राज्यात?

तेरेखोलात माझ्या दोन खोल्या आहेत, पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या. नणंदेची मुलगी सेजल हिने त्यांची वेबसाइट करून दिली आणि म्हणाली, "मामी, नुसती वेबसाइट करून कोण येता? गोंयच्या ऑनलाइन यादीत नांव पडूंक जाय." मग तिथं नाव पाठवलं. उत्तर आलं: ही जागा गोव्यात नाही.

माझं डोकंच फिरलं. गाव बाकीच्या गोव्यापासून नदीच्या पलीकडे आहे, मागे सगळी महाराष्ट्राची जमीन, हे खरं. म्हणून काय यादीवाल्यांनी आमचं राज्य बदलायचं? पाहुणे येतात ते गोव्याची यादी बघून. त्यात नाव नसेल तर यंदाही खोल्या रिकाम्याच राहणार होत्या. दोन खरमरीत पत्रं लिहिली, तेव्हा कुठे त्यांनी तपासणीला माणूस धाडला.

तोही नेमका ओहोटीला आला. केरीची फेरीबोट बंद, म्हणून किरणपाण्याच्या पुलावरून आरोंदा, शिरोडा, रेडी असा वळसा घालून घामाघूम होऊन पोचला. नाव महेश, मूळचा कोल्हापूरचा. कोकम सरबत पीत म्हणाला, "मालतीकाकू, वाटेत सगळ्या पाट्या महाराष्ट्राच्याच की!"

"फेरीन इला असतात तर गोंयातसून गोंयातच पावला असतात," मी म्हटलं.

मला मात्र त्याच्या मोबाइलचं नवल वाटत होतं. पडद्यावर माझं घर म्हणजे एक लाल टिंब आणि खाली दोन चौकोन: गोवा, महाराष्ट्र.

"ह्या टिंबाक राज्य कोण देता?"

"आता मीच," तो हसला. "एक सांगू का? महाराष्ट्रात टाकतो. त्या यादीत इथं आसपास कुणीच नाही, तुम्ही सगळ्यात वर. गोव्यात तुमच्या आधी शेकडो जण हायत."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? महाराष्ट्रातलं रेडी माझं माहेर. तो आला त्याच रस्त्याने मी शाळेत जायची.

तरीही आत गेले, ट्रंकेतला कागद काढला आणि त्याच्यापुढे धरला. गोव्यातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला; तेवढी वर्षं भरल्याशिवाय तो मिळत नाही. लग्न होऊन आल्यापासून ज्या कचेरीत गेले तिथं एकच प्रश्न, तुम्ही इथल्या कशा? हा हातात पडला तेव्हा ते विचारणं थांबलं.

"गोंय घाला," मी म्हटलं.

त्याने दाखला दोनदा वाचला आणि गोव्याच्या चौकोनावर बोट टेकवलं. झालं. मी बघतच राहिले. एवढ्याशाला मला पंधरा वर्षं लागली होती.