मुराळी

...गुलाबी रिबिनीचं ते फूल टाचताना पिन नव्या साडीच्या पदरातून आरपार गेली होती, आणि आता श्वास आत घेतला की तिचं टोक खांद्याखाली कुठंतरी लागायचं. टोचत नव्हतं, नुसतं टोचीन म्हणत होतं. फुलाच्या मधोमध पांढऱ्या पुठ्ठ्याची चकती होती, तिच्यावरची अक्षरं वच्छलाबाईंना वरून उलटी दिसत होती. सत्कारमूर्ती असंच असणार, कारण शेजारच्या खुर्चीत नानांच्या छातीवर तेच होतं. पत्रिकेत मात्र त्यांचं नाव नव्हतं. ‘समाजभूषण अभिमन नाना यांचा सपत्नीक सत्कार.’ त्या ‘सपत्नीक’मध्ये मी बसले आहे, पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून... आणि माझी लेक समोर बायकांच्या बाजूला, तिसऱ्या खांबाशी बसली आहे, आणि तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवलेली नाही.

सकाळपासून नाही ठेवली. जेवतानासुद्धा ती पिशवी तिच्या गुडघ्याला टेकून होती. चारची भडगावची गाडी धरायची, हे विमलनं आल्या आल्या सांगून टाकलं होतं, कुणी विचारायच्या आधीच. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

एवढंच सांगायचं होतं तिला – आठ दिवसांवर आखाजी आली, लेकींच्या माहेरपणाचा सण, यंदा ये. एका वाक्याचं काम. पण सकाळी दारात हळदीकुंकवाचं तबक, मग पाहुण्यांची ओळख करून देणं, मग वरण-बट्टीच्या पंगती... वच्छलाबाई वाढायला उठल्या तर बायकांनी हातातलं तुपाचं भांडंच काढून घेतलं, “आक्का, आज तुम्ही नाही, आज तुमचा मान आहे.” दूर पंगतीत विमल परक्या बाईसारखी खाली मान घालून बट्टी कुस्करत होती, आणि मानामुळे वच्छलाबाईंना तिच्या पानावर तूपसुद्धा वाढता आलं नव्हतं.

धुळ्याच्या देवपुरातलं हे मंगल कार्यालय वरून पत्र्याचं. चैत्र सरत आला होता, पांझरा नदीत पाणी म्हणावं असं काही उरलं नव्हतं, आणि पंखे इतके उंच की वारा वरच्या वरच फिरत राही. त्यात व्हिडिओवाल्याचा तो पांढरा दिवा. तो तोंडावर आला की डोळ्यांपुढचा सगळा समाज नाहीसा व्हायचा, खांब, बायका, विमल... आणि दिवा सरकला की सगळे हळूहळू परत यायचे. प्रत्येक वेळी वच्छलाबाई आधी तिसरा खांब बघत. आहे. अजून आहे.

थकवा कसला होता ते त्यांना कळत नव्हतं. काम तर काहीच केलं नव्हतं आज.

“माय, पानी देऊ का? तोंड कसं सुकी गयं तुन्हं,” मागून बेबाबाई वाकून म्हणाली. तिच्या दंडाला स्वयंसेविकेची पट्टी होती. उत्तराची वाट न बघता तिनं पेला हातात दिलाच, आणि जाता जाता त्यांचा पदरही सारखा केला, लेकीनं करावा तसा.

बेबाबाई. बारा वर्षं झाली.

बारा वर्षांपूर्वी नानांनी पहिल्यांदा सामुदायिक लग्नं लावली, तेव्हा लोक हसले होते. एका मांडवात एकवीस जोडपी, हुंडा नाही, मानपान नाही, आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त, तो कुणाला विचारावाही लागत नाही. ‘पुढारी दुसऱ्यांच्या पोरी मांडवात बसवतील आणि स्वतःच्या पोरीला घोडा-बँड,’ असं कुणीतरी पारावर म्हणालं, आणि ते ऐकून नाना घरी आले ते ठरवूनच. एकवीसमधली पहिली आपली विमल. वच्छलाबाई काही बोलल्या नव्हत्या. बोलायचं काय, नानांचं चुकीचं नव्हतंच. नानांचं चुकीचं कधीच नसायचं, तिथंच तर बोलणं अडायचं.

समितीनं एकवीस जणींना एकाच ठाणातल्या साड्या दिल्या, हिरव्या, लाल काठाच्या. मुंडावळ्या एकसारख्या, डोक्यावरून ओढलेले पदर एकसारखे. आणि पाठवणीची वेळ झाली तेव्हा एकवीस आया एकदम रडायला लागल्या. ट्रक, जीपा, बैलगाड्या, सनई आणि धूळ... मी वाट काढत गेले, हिरवा पदर दिसला, कवटाळला, आणि इतके दिवस दाबून धरलेलं सगळं त्या गळ्यात पडून मोकळं केलं. ती पोरही हंबरडा फोडून रडली, मला सोडेना. पाठीवरून हात फिरवताना कळलं की ही पाठ विमलची नाही. हाडं वेगळी होती. पदर वर केला तर भलतंच तोंड, रडून सुजलेलं. बेबा तिचं नाव, हे नंतर कळलं. आई लहानपणीच गेलेली, पाठवणीला रडायला कुणी नव्हतं तिला. “माय...” म्हणाली ती. आता तिला झटकून कसं टाकायचं? तिला धरूनच मी मान वळवली, आणि भडगावची जीप फाटकाबाहेर पडताना दिसली. मागच्या बाकावर हिरवा पदर होता. तोंड माझ्याकडेच होतं का, ते धुळीत दिसलं नाही.

विमल त्याबद्दल कधी बोलली नाही. तिनं पाहिलं का, हेही विचारायचं राहून गेलं... राहून गेलं म्हणायचं नुसतं. विचारलंच नाही मी.

व्यासपीठाच्या कडेला पडदा सरकला. समाजाच्या मुलींचा कार्यक्रम होता, आखाजीची गाणी. वरच्या लोखंडी पट्टीला झोका टांगला होता, त्याला कागदाची आंब्याची पानं. नऊवारी नेसलेल्या पोरी झोक्याभोवती फेर धरून गात होत्या, ओठ रंगवलेले, हसू आणलेलं.

*धूळ उडनी दूरनी वाटले,*
*आंबा मोहरना, झोका हाले वं...*
*बैल कोनाना, गाडी कोनानी,*
*मन्हा भाऊ नही त्या गाडीमा वं...*

गाणं वच्छलाबाईंनीच सांगितलं होतं. जीवराम सर टेपरेकॉर्डर घेऊन ओसरीवर बसले होते, “आक्का, हे जपलं पाहिजे, ही आपली संस्कृती,” म्हणत. झोक्यावरची पोर भावाची वाट बघते आणि प्रत्येक गाडी दुसऱ्याचीच निघते... आता व्यासपीठावर मात्र ठरवल्यासारखी पुठ्ठ्याची बैलजोडी आली, मागून काजळाच्या मिशा रंगवलेला मुराळी, बहिणीला माहेरी न्यायला येणारा भाऊ, आला, त्यानं बहिणीचा हात धरला, आणि टाळ्यांनी पत्रा दणाणला. नानाही टाळ्या वाजवत होते, डोळ्यांत पाणी आणून. त्यांना खरंच पाणी यायचं.

विमल टाळ्या वाजवत नव्हती. हात पिशवीवर होते.

पहिल्या आखाजीला तिचा भाऊ लोटन तिला आणायला निघणार होता. पण त्याच दिवशी दुसऱ्या वर्षाची लग्नं, तेहतीस जोडपी, आणि जीप अक्षता, पाणी, पाहुणे यांच्यात अडकलेली. नाना म्हणाले, “पुढल्या वर्षी. घरची पोर समजून घेईल.” आणि तिनं समजून घेतलं. दुसऱ्याही वर्षी घेतलं. भडगावकडची एक बाई बाजारात भेटली, तिनं सांगितलं, तुमची विमल सकाळपासून ट्रंक घेऊन ओट्यावर बसली होती, गल्लीतल्या सगळ्या पोरींचे भाऊ येऊन गेले, आणि नणंद म्हणाली, “तुन्हा बाप गावभरन्या पोरीस्ना लगनं लावस, घरनी पोर त्याले कसी याद येई?” विमल म्हणे हसली. चौथ्या वर्षी तिचंच कार्ड आलं – यंदा माझं जमणार नाही, कुणाला पाठवू नका. दर वर्षी चैत्रात तसंच कार्ड. नाना ते वाचून दाखवत आणि म्हणत, “बघ, रमली पोरगी.”

आणि बेबाबाई, जिला माहेर नव्हतं, ती धुळ्यातच नांदत होती, ती दर आखाजीला येत राहिली. माय, माय, करत. खापरावरची पुरणपोळी खाई, दारच्या कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसे, संध्याकाळी ओटी भरून घेऊन जाई. तिचा काय दोष? दार उघडं होतं, झोका बांधलेला होता. पण ती झोक्यावर चढली की वच्छलाबाईंना चुलीपाशी काहीतरी काम निघे...

“...हुंड्याच्या जाचातून समाजाला सोडवणारे,” जीवराम सरांनी मानपत्र वाचायला घेतलं होतं, “चारशे अकरा लेकींचे पिते...”

चारशे अकरा. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. वच्छलाबाईंनी खांबाकडे पाहिलं. विमल उठत होती. शेजारणीच्या पायांवरून पाय टाकत, वाकून, कुणाला अडचण होऊ नये अशी ती कडेला गेली, एकदा वर व्यासपीठाकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं असावं, आणि दाराकडे वळली.

साडेतीन झाले होते.

वच्छलाबाई उठल्या. कधी उठल्या ते त्यांनाही कळलं नाही. गुडघ्यांना आधी कळलं. नानांनी मान वळवून पाहिलं, सर वाचता वाचता क्षणभर थांबले, आणि म्हातारं माणूस आहे, जायचं असेल कुठं, असं समजून पुन्हा वाचू लागले. मागच्या तीन पायऱ्यांवर बेबाबाई आडवी आली.

“काय जोयजे माय? मी येऊ संगे?”

“नको बेबा. तू थांब आठेच.”

इतक्या तुटक आवाजात त्या तिच्याशी कधी बोलल्या नव्हत्या. बेबाबाईचं तोंड पडलं. ते बघायला आता वेळ नव्हता.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. चपलांच्या ढिगापाशी विमल वाकून आपली चप्पल शोधत होती. वाकलेली तिची पाठ... ती पाठ मी आज ओळखली असती का? रुंद झाली होती, पोलक्याची शिवण ताणली होती. केसांत कानामागे एक पांढरी बट. माझ्या लेकीचे केस पिकायला लागले.

“इमल.”

“तू कसाले ऊनी भाईर?” विमल सरळ झाली. “वर बस ना माय, फोटो काढतीन.”

“काढू दे.” दम लागला होता. जे सकाळपासून घोळवलं होतं ते वाक्य आता धड येईना. “आखाजी आठ दिनवर ऊनी.”

“हा.”

“येशी?”

विमलनं चप्पल पायात सरकवली. एका चपलेचा अंगठा तुटलेला, तो तिनं बोटानं दाबून बसवला. “यंदा बी लगनं शेतस ना त्या दिन?”

“शेतस.”

“मंग लोटनले येळ कोठे? कोन येई लेवाले?”

“मी येसू.”

विमल हसली. थट्टेचं हसू नव्हतं ते, पण आनंदाचंही नव्हतं. “माय कधी मुराळी व्हस का? लोके हसतीन.”

“हसू दे.”

आतून टाळ्या आल्या, मग पुन्हा सरांचा आवाज. विमलनं रस्त्याकडे पाहिलं, जशी काही गाडी इथूनच दिसणार होती. मग आईकडे न बघता, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात म्हणाली, “राग नही वं माय. खरंच नही. मी वाट देखनं सोडी दिन्हं. तवयपशीन बरं शे.”

ती रागावली असती, त्या दिवसाचं काढून बोलली असती, तर वच्छलाबाईंकडे उत्तरं होती – बारा वर्षांची उत्तरं तयार होती. पण बरं आहे म्हणणाऱ्या माणसाला काय सांगायचं... ज्या ओट्यावर ती ट्रंक घेऊन बसली आहे असं मी रोज समजत आले, त्या ओट्यावरून ती केव्हाच उठून घरात गेली होती. तिथं मीच बसून होते.

“येऊ नको अशी मी म्हनत नही,” विमल पुढे म्हणाली. “ये अशी बी म्हनत नही. तुन्हं तू देख.” मग एकदम वाकून तिनं पायांना हात लावला, “जास. मोटर निंघी जाई,” आणि फाटकाबाहेर पडून रिक्षात बसलीसुद्धा.

आत ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं जात होतं, “सौ. वच्छलाबाई अभिमन... सौ. वच्छलाबाई यांनी कृपया व्यासपीठावर यावे...” तीनदा पुकारलं. त्यांना घाई वाटली नाही. त्या सावकाश आत गेल्या. पायऱ्यांपाशी बेबाबाईच्या हातात सत्काराची साडी होती. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या वर चढल्या. नानांच्या आणि त्यांच्या अंगावर शाली आल्या, दिवा तोंडावर आला, समाज पुन्हा नाहीसा झाला.

“कुठं गेली होतीस?” त्या उजेडातच नानांनी हळू विचारलं.

“विमलला घालवायला.”

“गेली? मला भेटली नाही ती.” त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. शालीतून हात काढून त्यांनी डोळे पुसले. “आखाजीला बोलवायचं होतं तिला. यंदा कसं जमणार म्हणा... पुढल्या वर्षी नक्की.”

दर वर्षी या शब्दांवर वच्छलाबाई हो म्हणत आल्या होत्या. ‘हो’ ओठांपर्यंत आला, सवयीनं, आणि बाहेर न पडता तसाच राहिला. नानांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांना बोलायला उठायचं होतं.

ते बोलत होते. आपण निमित्तमात्र, समाजच खरा, आणि आठ दिवसांनी आखाजीला साठ जोडपी... वच्छलाबाई ऐकत होत्या आणि ऐकत नव्हत्या. त्यांनी एकटीनं कधी एसटीचं तिकीट काढलं नव्हतं. भडगावची पहिली गाडी किती वाजता सुटते? फलाट कुठला? स्थानकात कुणाला विचारायचं? आखाजीच्या दिवशी मुराळ्यांनी भरलेली गाडी, सगळी तरणी पोरं, आणि त्यांच्यात शिदोरीचं फडकं मांडीवर घेऊन बसलेली मी. पारोळा जाईल. ओसाड शेतं, नांगरून ठेवलेली काळी ढेकळं. मग गिरणेचा पूल, गल्ली, ओटा... तिथवर सगळं स्पष्ट दिसत होतं. ओट्याच्या पुढे दिसत नव्हतं. दार उघडं असेल का, लोटलेलं असेल, ती बाहेर येऊन काय म्हणेल, काहीच म्हणणार नाही, की पाणी देईल आणि दुपारच्या गाडीची वेळ सांगेल...

मन पुन्हा स्थानकापासून निघे आणि पुन्हा त्या ओट्यापाशी येऊन थांबे. थकवा तसाच होता, कमी झाला नव्हता. फक्त आता तो बसून राहिल्याचा वाटत नव्हता, पाय उचलायच्या आधी येतो तसा वाटत होता.