पुस्तकातली आत्या

इस्रायलला जाऊन हिब्रूत कथा लिहू लागलेली नाओमी शहाण्णव साली पेणहून एसटीने रोह्याला आली, रेबेका आत्याला पुस्तक दाखवायला. आत्याला हिब्रू कळत नसे, सिनेगॉगमधल्या प्रार्थनेपुरती अक्षरं तेवढी लागत. तिनं बोटानं आपलं नाव शोधलं, प्रार्थनेच्या पोथीचा घेतात तसा पानाचा मुका घेतला आणि शेजारणीला हाक मारली, "पारी, ये गो, मी पुस्तकात हाय!"

नाओमीला राहवेना. "आत्या, खोटं लिहिलंय मी. लहानपणी तुझ्याकडे होते तेव्हा तू मला उपाशी ठेवायचीस असं. त्यावरच बक्षीस मिळालं."

आत्याचा हात पानावरच राहिला. तेवढ्यात पारी आली. "काय लिवलंय गो?"

"मी हिला पोटभर जेवू घालायची, त्येच," आत्या म्हणाली.

नाओमीनं मान वर केली नाही.