आपल्या माणसांच्या हातची

"मागे मागे फिरत होता गं तो माझ्या! पर्सच्या काउंटरपासून पार ट्रायल रूमच्या दारापर्यंत!" राधिका ओट्यावर हात आपटून सांगत होती. "मी एक पर्स उचलली की हा आलाच शेजारी. कॅन आय हेल्प यू, मॅम? म्हणजे चोर समजला का मला? आणि तिथेच एक गोरी बाई खांद्याला एकावर एक पर्सेस अडकवून आरशात बघत होती, तिला कोणी ढुंकून विचारलं नाही."

सुनेत्राने तव्यावरची पुरणपोळी उलटली. "मग तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार यार? अंगाची नुसती आग झाली. पर्स तिथेच टाकून आले." राधिकाने ताटलीतल्या फुटलेल्या पोळीचा तुकडा तोंडात टाकला. "अहाहा, काय झालीय गं! तर मी काय म्हणत होते, आता सगळं ऑनलाइन घ्यायचं ठरवलंय मी. तिथे माझं तोंड कोण बघतंय?"

सुनेत्राला हे सगळं आतून कळत होतं. अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात राहायला आल्यापासून तिच्याही मागे असे गार्ड फिरले होते. राधिका तशी काही तिची जिवलग मैत्रीण नव्हती. आजूबाजूच्या मराठी बायकांचा 'सखी कट्टा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, तो राधिका चालवायची. सुनेत्राच्या नागपुरी पुरणपोळ्या, पुरणाने गच्च भरलेल्या, त्या ग्रुपमधूनच घरोघरी गेल्या होत्या. दर वेळी राधिका गाडीत बसूनच डबा घ्यायची. आज गणपती तोंडावर आले होते, ऑर्डर मोठी होती, म्हणून ती पहिल्यांदाच घरात आली होती.

"हात कुठे धुऊ गं?"

"पॅसेजमध्ये डावीकडे."

राधिका गेली आणि बराच वेळ आली नाही. आली ती जरा हळू चालत.

"पॅसेजमधला तो फोटो..."

"बाबासाहेबांचा?"

"हो हो, ओळखते ना मी." ती हसली. "तुझं आडनाव गजभिये म्हणजे मला वाटायचं... आम्हा पुण्याच्या लोकांना तिकडची आडनावं कळतच नाहीत बघ. तुम्ही मूळचे कुठले?"

"नागपूरचे. सांगितलं होतं की."

"हो, ते झालंच. म्हणजे... जाऊ दे. निघते मी, अजून खूप ठिकाणी जायचंय."

तिने डबा उचलला. ताटलीत त्या फुटलेल्या पोळीचा उरलेला तुकडा तसाच राहिला. सुनेत्रा त्या तुकड्याकडे बघत उभी राहिली. तिला कळलं होतं. असं काही झालं की सांगावं लागत नाही. तरी तिने स्वतःलाच दटावलं, की बाई, प्रत्येक गोष्टीत तेच कशाला बघतेस?

दुसऱ्या दिवशी अनिका शाळेतून आली ती दारातूनच ओरडली, "मॉम! व्हाय इज देअर फूड ऑन द पोर्च?"

पायरीवर प्लास्टिकच्या पिशवीत डबा होता. झाकण एका कोपऱ्यात उचकटलं होतं आणि लाल मुंग्यांची रांग लागली होती. जॉर्जियातल्या त्या मुंग्या चावल्या की अंगावर फोड उठतात. एकही पोळी कमी झालेली नव्हती. कोणी बेलसुद्धा वाजवली नव्हती. फोनवर तेवढा मेसेज होता: 'सॉरी गं, सासूबाई आल्यात इंडियातून. त्यांचं जरा सोवळ्याचं असतं. मी पर्सनली असलं काही मानत नाही हं!' आणि खाली जोडलेले हात.

मग ग्रुपमधल्या बाकीच्या ऑर्डरी गळायला लागल्या. कोणी डाएटवर गेली, कुणाचे पाहुणे रद्द झाले. सगळ्यांनी गोड गोड लिहिलं होतं. सगळ्यांनी हात जोडले होते.

सुनेत्राने पोळ्या कचऱ्यात ओतल्या आणि डबा घासायला घेतला. एकदा घासला, पुन्हा घासला, पुन्हा साबण लावला. मग एकदम तिचा हात थांबला. मी काय धुतेय? माझाच डबा, माझ्याच हातचं अन्न, आणि घासतेय मी? तिने तो डबा कचऱ्याच्या पेटीत असा हाणला की वरून अनिका धावत खाली आली.

तिचा नवरा विनय ऑफिसमधून आला. सगळं ऐकून घेतलं, बुटाच्या नाड्या सोडत म्हणाला, "जाऊ दे सुनेत्रा. त्यांच्यावाचून आपलं काय अडलंय?"

"जाऊ दे!" तिचा आवाज चिरकला. चिडली की तिच्या तोंडात सरळ नागपूर यायचं. "काहून जाऊ दे? नागपुरात जाऊ दे. पुण्याच्या हॉस्टेलवर त्या पोरीनं माझ्या खाटेला खाट लागू नये म्हणून मधात ट्रंक ठेवली, तेव्हाही जाऊ दे. आता सात समुद्र ओलांडून आलो, तरी जाऊच द्यायचं का?"

"मग काय करणार आहेस? भांडायला जाणार?"

 गणपतीत ती कुठेच गेली नाही. कोणी बोलावलंही नाही.

मार्ग अनिकाने काढला. अकरावीतली पोर, मराठी कळायचं पण बोलायची इंग्रजीत. "मॉम, सेल ऑनलाइन. नोबडी नीड्स टू नो हू यू आर. दॅट्स द होल पॉइंट."

"म्हणजे मी लपायचं?"

अनिकाने खांदे उडवले. "दे डोन्ट गेट टू आस्क. दॅट्स नॉट हायडिंग."

पोळ्या पोस्टाने जाण्यासारख्या नव्हत्या, म्हणून सुनेत्राने जवसाची चटणी घेतली, कराळ्याची घेतली, वांग्याच्या भाजीचा मसाला घेतला. वर्क परमिट हातात होतंच. लायसन्स काढलं, शनिवार-रविवारसाठी एका शेअर्ड किचनमध्ये जागा भाड्याने घेतली. ती जवस खमंग भाजायला लागली की शेजारच्या ओट्यावर केक करणारी मेक्सिकन बाई मान वर करून वास घ्यायची. दुकानाचं नाव अनिकाने ठेवलं, 'जवस'. मालकिणीचं नाव नाही, फोटो नाही. नुसत्या बरण्या.

आणि बरण्या जायला लागल्या. टेक्सासमधली तेलुगू पोरं हॉस्टेलवर भाताशी खायला मागवायची. विस्कॉन्सिनमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं, की मी ही रोज सकाळी अंड्यांवर भुरभुरते, आता मीठ-मिरपूड बंद! लोक प्रश्न विचारायचे: तिखट किती आहे? शेंगदाणे आहेत का? किती दिवस टिकते? सुनेत्रा एकेकाला निगुतीने उत्तर लिहायची. जन्मात पहिल्यांदा तिला कोणी तिच्या मालाबद्दलच विचारत होतं. तू कोण, कुठली, हे विचारायला जागाच नव्हती तिथे. चटणी तोंडात गेल्यावर जो निकाल लागायचा तोच खरा.

तिला बरं वाटत होतं, पण रागही जात नव्हता. चटणी तीच होती, हात तेच होते. दारावरची पाटी काढली तेव्हा कुठे गिऱ्हाईक आत आलं.

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, पत्त्यांवर मराठी नावं दिसायला लागली. दिवाळीच्या थोडं आधी एके दिवशी अनिका लॅपटॉप घेऊन किचनमध्ये आली, पण नेहमीसारखी वाचून दाखवेना.

"काय गं? कोणाची कम्प्लेंट आहे का?"

"नो. फाइव्ह स्टार्स." तिने लॅपटॉप फिरवला.

रोमन लिपीत मराठी लिहिलं होतं: 'एकदम ऑथेंटिक! आमच्या घरी सगळ्यांना आवडली. आपल्या माणसांच्या हातची चव लगेच कळते.' खाली नाव होतं राधिकाचं, आणि ऑर्डरवरचा पत्ता इथलाच, दहा मिनिटांवरचा. दिवाळीच्या गर्दीत ती बरणी कधी पॅक होऊन गेली, कळलंच नव्हतं.

सुनेत्राला आधी हसू आलं. मग तिने लॅपटॉप फटकन मिटला.  आपल्या माणसांच्या! पायरीवर मुंग्यांना घातल्या त्या पोळ्या कुणाच्या हातच्या होत्या?

दोन-चार दिवसांत दुकानाला मेसेजही आला. सखी कट्ट्याच्या दिवाळी पार्टीत प्रत्येकीला एक बरणी भेट द्यायची होती. पार्सलवर इथल्याच किचनचा पत्ता दिसला, लोकल आहात तर आणून द्याल का, असं राधिकाने विचारलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, 'ताई, आपण मूळच्या कुठल्या?'

"कॅन्सल कर," विनय म्हणाला. "उगाच तमाशा नको."

"तमाशा त्यांनी केला विनय, माझ्या दारात. मी फक्त चटणी नेऊन देणार आहे." तिने उत्तर लिहिलं: 'बरण्या मी स्वतः आणून देईन.' दुसऱ्या प्रश्नाला तिने उत्तर दिलं नाही.

रविवारी दुपारी राधिकाच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सगळ्या जमल्या होत्या. सुनेत्रा आणि अनिका खोकी घेऊन आत शिरल्या. टेबलावर फराळाच्या शेजारी जवसाच्या चटणीची वाटी होती. एक म्हातारी बाई भाकरीबरोबर ती चटणी मन लावून खात होती. राधिका हसत पुढे आली आणि मध्येच थांबली.

"तू?"

"जवसवाली. कुठे ठेवू?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हातारीला काहीच कळलं नव्हतं. ती म्हणाली, "अगं, तूच का ती? ये, बस. काय सुरेख चटणी करतेस! मी तिकडे जाताना चार बरण्या नेणार आहे बघ."

"सासूबाई का तुमच्या?" सुनेत्राने राधिकाला विचारलं. मग म्हातारीकडे वळली. "काकू, गणपतीत माझ्या पुरणपोळ्या तुम्हाला चालल्या नाहीत म्हणे."

"पुरणपोळ्या?" म्हातारीने सुनेकडे पाहिलं. "गणपतीत मी कुठे होते इथे? मी तर दसऱ्याला आले."

 राधिकाचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. सुनेत्राचा हात धरून ती तिला दारापाशी घेऊन गेली.

"हे काय आहे सुनेत्रा? सगळ्यांसमोर? आणि तू नाव लपवून विकत होतीस आम्हाला? धिस इज चीटिंग!"

"चीटिंग?" सुनेत्राने हात सोडवला. आवाज खाली आणायचा तिने प्रयत्नच केला नाही. "मॉलमध्ये गार्ड मागे लागतो म्हणून तू ऑनलाइन घेतेस. तिथे तुझं तोंड कोणाला दिसत नाही, तर ती तुझी सोय. आणि माझं नाव दिसलं नाही, तर मी चोर? तो गार्ड निदान अनोळखी होता राधिका. तू माझ्या ओट्याशी बसून खाल्लंस. फोटो पाहिलास आणि उरलेला घास ताटलीतच टाकून गेलीस."

"मी असलं काही मानत नाही. तुला माहितेय."

"मग कोण मानतं? काकू तर तिथे चटणी खातायत."

राधिकाने मागे पाहिलं. बाकीच्या बायका कोणी फोनकडे, कोणी छताकडे बघत होत्या. 'डाएटवर' असलेलीच्या ताटात तीन करंज्या होत्या.

सुनेत्राने शेवटचं खोकं टेबलावर ठेवलं. "मागवल्यात, आणल्यात. आता माझं नाव सगळ्यांना कळलंय. फेकायच्या असतील तर यावेळी गुपचूप माझ्या पायरीवर आणून ठेवू नका. इथेच फेका. एकमेकींसमोर."

ती निघाली. मागे म्हातारी सुनेला विचारत होती, "काय झालं गं? कोण होती ती? कुणी मला सांगाल का?" तिला कोणीच काही सांगत नव्हतं. गाडीत बसल्यावर सुनेत्राच्या हातून चावी लागेना. अनिका उतरली, फिरून ड्रायव्हरच्या बाजूला आली. "सरक आई," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. "मी चालवते."

दोन दिवसांनी दुकानावर एकाच ताऱ्याचा रिव्ह्यू पडला. 'सेलर हाइड्स हर आयडेंटिटी. मिसलीडिंग.' अनिका ऑनलाइन बाजारवाल्यांकडे तक्रार करायला निघाली होती.

"राहू दे तो," सुनेत्रा म्हणाली. "लिहायचंय ना त्यांना नाव? मीच लिहिते."

तिने दुकानाच्या पानावर सगळ्यात वर लिहिलं: सुनेत्रा गजभिये, नागपूर. बाजूला फोटो लावला. टिकली नाही, नवी साडी नाही. किचनमध्ये ॲप्रन घालून, कपाळावर घाम असलेला.

विनयने ते पान पाहिलं. वरपासून खालपर्यंत वाचलं.

न्यू जर्सीची काही नावं परत दिसली नाहीत. का, ते कोणी लिहिलं नाही. सखी कट्ट्यातल्या एकीची ऑर्डर मात्र आली, पत्ता घरचा नाही, ऑफिसचा दिलेला. सुनेत्राने ती बराच वेळ बाजूला ठेवली होती. मग दात-ओठ खात पॅक केली आणि पाठवली. विस्कॉन्सिनच्या शिक्षिकेने आता दोन बरण्या मागवल्या, बहिणीलाही हवी होती म्हणे. नावाबद्दल तिने एवढंच विचारलं, की ते उच्चारायचं कसं?

पुढच्या शनिवारी सुनेत्रा किचनमध्ये जवस भाजत होती. विनय अचानक आला. शनिवारी तो कधी यायचा नाही. कोपऱ्यात नव्या लेबलांचं बंडल पडलं होतं, पूर्ण नाव छापलेलं. त्याने हात धुतले, पुसले, आणि स्टूल ओढून बसला. पहिल्या बरणीवर लेबल थोडं तिरकं लागलं. त्याने ते हलकेच सोलून काढलं, पुन्हा सरळ लावलं, आणि 'गजभिये'वर राहिलेला हवेचा फुगा अंगठ्याने हळूहळू कडेपर्यंत सारत नेला. मग पुढची बरणी घेतली.