करणीचं हाड आणि हेमांगीची रेघ

शनिवारी साक्रीजवळच्या आमच्या गावात पाय ठेवायला जागा नव्हती. चुडामणबाबा हाडं काढत होता! सुरी नाही, टाका नाही. दुखऱ्या जागी तोंड लावायचं, चोखायचं, आणि थू! तळहातावर हाड.

"करणीचं शे! बठ्ठी पीडा गयी, सगळी!" बाबा ओरडायचा.

बाबाच्या गालात सदा पानाचा तोबरा, त्यामुळे बोलणं बोबडं. भक्त म्हणत, अंगात आलंय. धन्य ती अक्कल!

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीतल्या हेमांगीची माय तानुबाई आठ दिवसांपूर्वी ओट्यावरून हातावर पडली. मनगट टम्म सुजलेलं, आणि बाबाचा दम, "दवाखान्यात गेलीस तर करणी उलटेल!" हाड वाकडं जुळलं तर हात कायमचा अधू होणार होता. समजावून समजावून माझं तोंड दुखलं.

त्या शनिवारी बाबाने तिच्या मनगटातून हाड काढलं. "आत अजून दोन हाडं शेतस!"

तेवढ्यात हेमांगीने सांगाड्याची आकृती पसरली. ती मी तिच्याकडून तीनदा काढून घेतली होती. नावाची रेघ हाडाला टेकलीच पाहिजे, हवेत लोंबकळायची नाही, हा माझा जाच.

"बाबा, मनगटात आठ हाडं असतात, चिंचोक्यांसारखी. ह्या बघा आठ रेघा. तुमच्या हाडाला तर दोन फाटे आहेत. रेघ कुठे टेकवू?"

"करणीचं हाड चित्रात कसं दिसेल, पोरी?" बाबा हसला. लोकही हसले.

हेमांगीने तांब्या पुढे केला. "मग चूळ भरा, आणि उरलेली दोन काढा."

"चूळ भरली तर मंत्र वाहून जातो!"

"भर ना रे चूळ, बाबा," तानुबाई कळवळली. "मना हात दुखस!"

आता सगळं गाव बाबाच्या गालाकडे बघत होतं. शेवटी नाइलाजाने त्याने चूळ भरली आणि पुढ्यातल्या ताटात टणटण वाजलं. पान, सुपारी, दोन हाडं.

गर्दीतल्या म्हाताऱ्या झुलालआबांनी एक उचलून पाहिलं. "हाई ते कोंबडीनं शे!"

बाबा चप्पल सोडून पळाला. आम्ही तानुबाईला घेऊन थेट धुळ्याचा दवाखाना गाठला.

दीड महिन्याने प्लास्टर निघालं. हात वाचला, पण मनगट जरा वाकडंच जुळलं. म्हणून सांगतो लोकहो, हाड दुखलं तर आधी डॉक्टर गाठा, आणि चमत्कार दाखवणाऱ्याला आधी चूळ भरायला लावा.

परवा तानुबाईने लेकीपुढे हात धरला. "काढ. जसा शे तसाच."

हेमांगीने वाकडेपणासकट काढला, रेघ नेमकी टेकवली. "माय, नाव काय लिहू?"

"लिख, आठ दिन उशीर."