मेढ कुठे रोवायची

"कुदळ खाली ठेवा, जयरामभाऊ. फरशीला हात लावायचा नाही."

सोसायटीचे सेक्रेटरी शामसुंदर सर घरच्या लेंग्यावरच पार्किंगमध्ये उतरले होते. माझ्या हातात कुदळ, शेजारी नामपूरहून आलेले माझे चुलते लहानूआप्पा आणि त्यांच्या खांद्यावर शेंड्याची हिरवी पानं राखलेली उंबराची मेढ. परवा माझ्या आरोहीचं लग्न. कार्य लॉन्सवर असलं तरी मांडवाचा पहिला खांब पोरीच्या बापाच्या दारात, जमिनीत रोवायचा, ही आमची रीत. मुहूर्त साडेनऊचा होता आणि नऊ वाजून गेले होते.

"एकच खड्डा, सर. हातभर. परवा मी स्वतः बुजवून देतो."

"सगळ्यांचा एकच असतो हो."

"माझ्या गाडीची जागा आहे ही. करारनाम्यात लिहिलंय."

"गाडी लावायचा हक्क आहे. जमीन सोसायटीची."

ओझरच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून राबलो, तेव्हा कुठे तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट नावावर झाला. माझं डोकंच फिरलं.

"विकत घेतलंय मी. भाड्याने नाही राहत."

शामसुंदर सर चिडले नाहीत, त्याचा मला जास्त राग आला. त्यांनी ऑफिसातून सभेचं रजिस्टर आणलं आणि पान उघडून माझ्यासमोर धरलं. गेल्या वर्षी आमच्याच इमारतीतल्या मंगलाबाईंच्या मुलाच्या मांडवासाठी खोदताना पाण्याचा पाइप फुटला होता, चार दिवस टँकर आले होते. त्यावरचा ठराव होता. पार्किंगमध्ये कोणीही, कोणत्याही कारणासाठी खोदायचं नाही.

"अनुमोदन कोणाचं, वाचा."

सही माझी होती. मीच भर सभेत उभा राहून म्हणालो होतो, एवढी हौस असेल तर हॉल घ्या. मंगलाबाई तेव्हा रडल्या होत्या. आत्ता त्या जिन्यात उभ्या होत्या. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मग बागेच्या कडेला?" मी विचारलं.

"तीही सोसायटीचीच."

लहानूआप्पांनी मेढ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मंग तुन्ही जमीन कोठे शे रे, जयराम?"

मी तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवलं. आप्पांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस तो. लाज वाटली मला, सरळ सांगतो.

आरोही हळदीच्या तयारीतून तशीच खाली आली. "पप्पा, आता सगळे बादलीतच रोवतात. उगाच वाद नका घालू." मी कुदळ भिंतीला टेकवून ठेवली.

मेढ लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने वर नेली. माझ्या बायकोने, सुमनने, बाल्कनीतली तुळशीची कुंडी रंगाच्या रिकाम्या बादलीत पालथी केली. आमच्या मालकीची माती तेवढीच होती.

बादलीत उभी केली तर मेढेचा शेंडा छताला टेकून वाकला. नऊ अठ्ठावीस झाले होते. आप्पांनी दोन्ही हातांनी मेढ घट्ट धरली, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मी करवतीने पानांचा शेंडा कापून टाकला.