बारा महिने चालते

उंबरटेक गावाच्या सरकारी नोंदीत दोन चुका होत्या. दोन्ही खऱ्या उत्तरांमुळे झाल्या होत्या.

जळगाव जामोदहून येणारी जीप सातपुड्याच्या पायथ्याशी थांबते. तिथून साडेचार किलोमीटर चढून गेलं की उंबरटेकची बावन्न घरं लागतात. मागच्या वर्षी ऑक्टोबरात गणेश नावाचा सर्वेक्षक मोबाइल घेऊन वर आला तेव्हा गाव सोयाबीन सोंगायला शेतात होतं. चांगुणाबाई तेवढ्या गुडघ्यामुळे घरी होत्या. गणेशने मोबाइलवर पाहून विचारलं, गावाला सडक आहे का. त्या म्हणाल्या, हाव, हाये. मग त्याने विचारलं, बारमाही आहे का. त्या म्हणाल्या, बारा महिने चालते.

गणेश स्वतः त्याच वाटेने धापा टाकत आला होता. पण दिवस मावळायच्या आत त्याला आणखी दोन गावं करायची होती. त्याने दोन्ही रकान्यांत ‘आहे’ भरलं, माहिती देणाऱ्याचं नाव टाकलं, पाणी प्यायला आणि उतरला.

जानेवारीत उकंडराव तालुक्याला गेले. ते ग्रामपंचायतीचे सदस्य. रस्ता नसलेल्या गावांची यादी लागली होती आणि तीत उंबरटेक नव्हतं. तिथल्या बाबूने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. सडक आहे. बारमाही आहे. खाली नाव : चांगुणा भाऊराव.

संध्याकाळी ते चांगुणाबाईंच्या ओट्यावर येऊन बसले.

“वयनी, तुमी तं गावाले सडक देऊन टाकली. मी उगाच पायी आलो. जीप घेऊन याले पाह्यजे होतं.”

“मी खोटं काय सांगतलं?” चांगुणाबाई म्हणाल्या.

खोटं काही सांगितलं नव्हतं. उंबरटेकात डोंगर उतरणाऱ्या बाकी सगळ्या वाटा ‘वाट’ आहेत. जीपच्या थांब्याकडे उतरते ती एकटी ‘सडक’. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने कामं काढली, तेव्हा लोक सडकेच्या कामावर जायचे, म्हणून ती सडक. पुढच्या साली पाऊस झाला आणि काम बंद पडलं. दरीच्या कडेने माणूस आणि बैल चालेल एवढी पट्टी तयार झाली होती, तेवढीच राहिली. नाव मात्र पूर्ण झालेल्या कामाचं राहिलं.

त्या कामावर जायच्या तेव्हा चांगुणाबाई सतरा वर्षांच्या होत्या, लग्नाला सहा महिने झालेले. त्यांचे मालक भाऊराव मुकादम होते. बौद्धवाड्यात चौथी शिकलेले ते एकटेच होते, म्हणून हजेरीचं पुस्तक त्यांच्याकडे आलं. उकंडरावांचे वडील गावातले मोठे शेतकरी. दुष्काळाने त्यांनाही कामावर आणलं होतं. रोज सकाळी ते भाऊरावांसमोर उभे राहून अंगठा उठवायचे. त्याआधी त्या दोघांत एवढ्या जवळून बोलणंही झालेलं नव्हतं. काम संपल्यावर भाऊरावांनी ती सडक सोडली नाही. दर दिवाळीनंतर गाव घेऊन ते पावसाने नेलेले दगड पुन्हा बसवायचे. आठ वर्षांपूर्वी ते गेले. दगड बसवणं चालू राहिलं.

उकंडरावांनी पुढचं समजावून सांगितलं. नोंद बदलता येते. गुरुवारी बांधकाम खात्याच्या इंजिनिअर बाई पाहणीला येणार होत्या. ज्याने माहिती दिली त्यानेच, गावाला सडक नाही, असा जबाब त्यांच्यासमोर द्यायचा. महिनाअखेरीस यादी बंद होणार होती. याआधीची यादी सहा वर्षांपूर्वी निघाली होती.

चांगुणाबाईंनी जबाब द्यायला नकार दिला. गणेशने चुकीचं लिहिलं असेल तर गणेशने बदलावं, असं त्यांचं म्हणणं होतं. उकंडरावांनी पुन्हा सांगून पाहिलं. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “त्यायनं जलमभर सडक बांधली. आन मी कागदावर लिहून देऊ, सडक नाई?”

 सारिका उकंडरावांची सून. ऑगस्टमध्ये तिला झोळीत घालून खाली नेताना ती अर्ध्यातच बाळंत झाली होती. ही गोष्ट त्यांनी ओट्यावर काढली नाही आणि चांगुणाबाईंनीही काढली नाही.

ती मंजुश्रीने काढली. मंजुश्री चांगुणाबाईंची सून आणि गावची आशा सेविका. दिवस भरत आलेल्या बायकांना महिनाभर आधी खाली नातेवाइकांकडे पोचवायचं, ही तिची पद्धत होती. सारिकाच्या वेळी आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. माय-लेक वाचल्या. रात्री भाकरी थापता थापता मंजुश्री म्हणाली, “आई, सारिकाच्या पोरीच्या दाखल्यावर जन्माचं ठिकाण काय लिहाचं, हे मले अजून कोनी सांगतलं नाई. घर नाई, दवाखाना नाई. मी ‘सडकेवर’ लिहिलं, तं दाखलेवाल्या बाईनं इचारलं, गाडीत का?”

चांगुणाबाई जेवून उठल्या.

गुरुवारी इंजिनिअर आल्या. सुचिता त्यांचं नाव, माहेर लोणारकडचं बीबी गाव. दोन वर्षांच्या नोकरीत इतकं चढायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. पाणी घेऊन त्या जबाबाचा कागद काढू लागल्या, तेव्हा चांगुणाबाई काठी घेऊन उभ्या राहिल्या. आधी सडक दाखवते, म्हणाल्या. मंजुश्रीने गुडघ्याची आठवण करून दिली. त्यांनी ऐकलं नाही.

वरून दुसऱ्या वळणापर्यंत जायला त्यांना अर्धा तास लागला. तिथे दरीच्या बाजूला कमरेएवढी दगडी पाळ आहे. ही भाऊरावांनी स्वतः रचलेली. मागे उकंडराव आणि मंजुश्री थांबले. सुचिताबाईंनी पाळीवर हात फिरवला, वाकून खालचे दगड पाहिले.

“आजी, काम पक्कं आहे,” त्या म्हणाल्या. “चुना नाही, सिमेंट नाही, आणि एक दगड हललेला नाही.”

“मंग सडक हाये ना?”

सुचिताबाईंनी मोजायची टेप काढली. टेपचं एक टोक डोंगराच्या कातळाला लावून मंजुश्रीला धरायला दिलं. पाळीपर्यंत एक मीटर वीस भरलं.

“आमच्या कागदात सडक पावणेचार मीटरची असते.”

“म्हंजे केवढी?”

सुचिताबाई टोक परत घेऊन कातळाला टेकून उभ्या राहिल्या आणि पट्टी दरीकडे सरकवत गेल्या. पोलादी पट्टी पाळ ओलांडून दरीवर निघाली. पावणेचारच्या आकड्याला त्या थांबल्या. पट्टीचं टोक हवेत हलत होतं. खाली सालईच्या झाडांचे शेंडे होते.

चांगुणाबाईंनी टोकाकडे पाहिलं. मग मंजुश्रीला विचारलं, सारिका कुठे बाळंत झाली. मंजुश्रीने कातळाच्या कडेची जागा दाखवली. चार पावलांवर होती. झोळीचे खांदेकरी कुठे उभे होते, हेही चांगुणाबाईंनी विचारून घेतलं. दोघे पाळीवर चढून उभे होते, कारण खाली जागा नव्हती.

“पाळ हलली नाई ना?”

“नाई.”

त्या सुचिताबाईंकडे वळल्या. “लिहा. वाट हाये. बारा महिने चालते. सडक नाई.”

सुचिताबाईंनी पाळीवर कागद ठेवून लिहिलं. चांगुणाबाईंनी भाऊरावांनी शिकवलेली सही केली आणि म्हणाल्या, आणखी एक ओळ लिहा, वाट भाऊराव मुकादमांनी काढली. त्यासाठी रकाना नव्हता. सुचिताबाईंनी ती ओळ शेऱ्यात घातली. साक्षीदार म्हणून उकंडरावांनी त्याच ओळीखाली सही केली. पेन परत देताना म्हणाले, “माह्या बापाचा अंगठा होता हजेरीत. माही सही बरोबर जागी आली.”

फेब्रुवारीच्या यादीत उंबरटेकचं नाव आलं. मोजणीच्या खुणांसाठी चुन्याचे पट्टे पडले, ते पावसाने धुऊन नेले. काम अजून सुरू झालेलं नाही.

दिवाळीनंतर गाव दगड बसवायला निघालं. उकंडरावांनी चौकात उभं राहून हाळी दिली, सडकेवर चला. ओट्यावरून चांगुणाबाईंनी त्यांना थांबवलं.

“वाट म्हना, भाऊ. तो मोबाइलवाला पुन्हा आला तं?”